एकतीस नावं

नगरपालिकेनं मला एक पिवळं जाकीट दिलं,
दोन मापं मोठं,
एक शिट्टी, एक कर्णा,
आणि वणवा आला तर कुणाला कसं बाहेर काढायचं
त्याची यादी.
एकतीस नावं.
कोण चालतं, कुणाला धरावं लागतं,
कुणाला ऐकू येत नाही.

शेवटचा रकाना कोरा होता.
तिथे मी माझ्या अक्षरात लिहिलं :
फेलिझ्मिना – कोंबड्यांशिवाय निघणार नाही.
सिल्वेरिओ – मंगळ, गुरू, शनि घरी नसतो.
(आग विझवणारी पोरंच त्याला डायलिसिसला नेतात,
अठ्ठेचाळीस किलोमीटर, वळणावळणानं,
आणि परतताना त्याला झोप लागली
की रेडिओ बंद करतात.
त्या गाडीच्या टायरांसाठी ऑगस्टच्या जत्रेत
आम्ही सार्डिन भाजतो
आणि सोडतीची तिकिटं एकमेकांनाच विकतो.)
अदेरितो – गुडघा डावा, हट्ट दोन्हीकडचा.

तालीम बुधवारी ठेवली,
कारण एक आड एक बुधवारी
नर्स लीदियाची पांढरी व्हॅन कारंज्यापाशी येते.
बरोबर दहाला मी देवळाची दोरी ओढली.
लगेच धावत या, असं पत्रकात छापलं होतं.
पत्रक सगळ्यांच्या फ्रिजवर होतं,
लिंबाच्या आकाराच्या चुंबकाखाली.

कुणी धावलं नाही.
पंधरा मिनिटांनी दारं उघडली
आणि माणसं आली, एकेक करून,
काळ्या कपड्यांत.
फेलिझ्मिनाच्या हातात बागेतली फुलं होती.
‘कोण गेलं?’

किती वर्षं झाली,
ही घंटा दुसऱ्या कशासाठी वाजलीच नव्हती.
बारसं नाही, लग्न नाही.
मी कर्ण्यातून ‘तालीम, तालीम’ ओरडत होते
आणि कर्ण्यात सेल घालायचे राहिले होते.

तोवर ते एकमेकांना मोजू लागले.
यादी माझ्या हातात, पण मोजणी त्यांची :
या चेहऱ्यावरून त्या चेहऱ्यावर,
भाकरी वाटताना बघावं तसं.
तीस.
कुणीतरी टोपी काढली.
‘अदेरितो.’
‘परवाच खोकत होता.’
‘माझी शिडी त्याच्याकडेच आहे,’ सिल्वेरिओ म्हणाला,
आणि मग त्याला ते म्हटल्याची लाज वाटली.

आम्ही सगळे त्याच्या घराकडे निघालो, फुलांसकट.
अदेरितो चेस्टनटच्या झाडावर होता,
त्याच शिडीनं चढलेला,
कानातलं यंत्र खिशात.
त्यानं खाली बघितलं.
इतका काळा घोळका बघून
तोही टोपी काढायला गेला, आणि फांदी धरून म्हणाला,
‘अरेरे. कोण गेलं?’
फेलिझ्मिनानं फुलं वर धरली.
‘तू.’

त्यानंतर लीदियानं सगळ्यांचं रक्तदाब मोजलं,
आकडे बघितले, आणि वही मिटली.
‘आजचं धरत नाही,’ म्हणाली.
‘हसून झालं की पुन्हा मोजू.’

आता ठरलंय :
मरणाला सावकाश, एकेक ठोका, मध्ये श्वास.
आगीला भराभर, हात थकेतो.
मी रिकाम्या देवळात सराव करते,
दोरी न ओढता, नुसती मूठ वर-खाली.
नीलगिरीची साल सुटून रस्त्यावर पडते
आणि वाऱ्यानं फरफटते,
रात्री तो आवाज पावलांसारखा येतो.
मी उठून खिडकीशी नाक लावते.
नुसता धूर की चुलीचा धूर,
हे आता झोपेतसुद्धा कळतं.

काल यादी काढली, अदेरितोपुढे लिहायला :
यंत्र कानात आहे का, आधी बघावे.
तर शेवटच्या नावाखाली, पेन्सिलीनं,
फेलिझ्मिनाच्या मोठ्या, वाकड्या अक्षरांत
एक ओळ वाढलेली.

बत्तीस. बेनिल्दे –
घंटा सोडून निघणार नाही.
दोघांनी धरून आणावे.